अडतिसाव्या मिनिटापुढे

दुकानदाराने सीडीवरच्या कागदी लेबलाची सुटलेली कड नखाने उचलली आणि म्हणाला, "हे आधी काढून टाकू. मग बघू."

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. तीस वर्षं चित्रकला शिकवण्यात गेलेला, कधी कुणावर हात न उगारलेला माणूस. पण पकड अशी की दुकानदाराचं नख जागच्या जागी थांबलं.

"सोडा, मास्तर. दुखतंय."

"आधी तुम्ही सोडा. लेबल निघालं की त्याच्याबरोबर खालची चकाकी निघते. मग हातात नुसतं प्लॅस्टिक राहील."

"मला सांगता? वीस वर्षं हाच धंदा करतोय मी."

"मग नख कशाला लावलंत?"

दुकानदाराने सीडी अलगद फडक्यावर ठेवली. स्टुलावरून अर्धवट उठलेल्या बाई, म्हणजे मास्तरांची बायको, पुन्हा बसल्या; पण पर्स त्यांनी छातीशी धरली होती ती खाली घेतली नाही. लेबलावरचं अक्षर त्यांचंच होतं : 'नाना – रागावरचं निरूपण.'

नाना म्हणजे त्यांचे वडील. गात गात निरूपण करायचे. कथा सांगता सांगता मधेच एखादी ओळ उचलायचे, आणि ऐकणारा माणूस आपली सगळी दुखणी बाहेर चपलांपाशी ठेवून आल्यासारखा बसायचा. मागे बसून सूर धरायचं काम या धाकट्या लेकीचं. अकरा वर्षांपूर्वी विषय होता राग, आणि रागावर बोलता बोलता नानाच भडकले. भर सभागृहात लेकीला म्हणाले, "तू थांब. सूर उतरवतेस." ती उठली, तडक स्टेशन गाठलं आणि सासरच्या गावी निघून आली. बारा दिवसांनी नाना गेले. त्या बारा दिवसांत दोघांनीही फोन उचलला नव्हता.

कार्यक्रमाची सीडी नंतर घरी आली. थोरली बहीण म्हणाली होती, "शेवटी ते तुझ्याबद्दल बोललेत. काय ते मी सांगणार नाही, त्यांच्याच तोंडून ऐक." पण ऐकायचं धाडस झालं नाही. दरवेळी आपण उठल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला की बाई बटण दाबायच्या. चारचौघांत आणखी काय काय बोलले असतील या धास्तीने अकरा वर्षं गेली. थोरलीला आता स्वतःचं घरही ओळखू येत नाही, तिला काय विचारणार? शेवटी गेल्या आठवड्यात मन घट्ट करून बाईंनी खुर्चीच्या आवाजानंतरही सीडी चालू ठेवली, तर घरचा प्लेअर अडतिसाव्या मिनिटाला अडकला आणि कायमचा बंद पडला. भाच्याच्या कॉम्प्युटरने तर सीडी आहे हेच मानलं नाही.

मास्तरांच्या घरी ॲम्प्लिफायर होता, स्पीकर होते, सीडीवरच्या आकड्यांपासून आवाज बनवणारी डॅकची डबीही होती. त्यांना हवा होता फक्त सीडी ट्रान्सपोर्ट : सीडी फिरवायची, वाचायची आणि वाचलेलं पुढच्या डबीला द्यायचं, एवढंच काम करणारं यंत्र. खिशाला झेपेल असं.

दुकानदाराने सीडी दिव्याखाली तिरकी धरली. केसासारखे बारीक ओरखडे गोल गोल फिरलेले दिसले.

"ही पुसली कुणी?"

"मी. रोज पुसते," बाई म्हणाल्या.

"गोल गोल?"

"फोटोची काच पुसतो तशीच की."

"वहिनी, सीडी मधून कडेकडे पुसायची, सरळ. आडवा ओरखडा तिला सोसतो. गोल ओरखडा लिहिलेल्या ओळीवरूनच धावत जातो. आणि ठेवली कुठे होती?"

"खिडकीत. नानांच्या फोटोजवळ. उजेड असावा म्हणून."

दुकानदाराने जीभ चावली. "घरी लिहिलेली सीडी आहे ही. उन्हाने हिची शाई उडते."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच…"

"अगं, तू भक्तीने केलंस," मास्तर म्हणाले.

"भक्तीने केलं म्हणून ओरखडा कमी पडतो का हो?"

मास्तरांनी पिशवीतून दुसरी सीडी काढली. त्याच कार्यक्रमातलं अध्यक्षांचं पन्नास मिनिटांचं भाषण. नानांच्या सीडीखाली टेकू म्हणून तीही अकरा वर्षं खिडकीत होती, त्याच फडक्याने पुसली गेली होती, तसलंच लेबल लावलेलं होतं. "नानांची सीडी आधी कुठल्याही यंत्रात घालायची नाही," ते म्हणाले. "प्रत्येक यंत्र आधी अध्यक्षांवर आजमावायचं. अडतीस मिनिटांच्या पुढे जे जाईल ते आपलं."

"या भाषणाचा आज पहिल्यांदाच कुणाला उपयोग होतोय," बाई म्हणाल्या. घरातून निघाल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच थट्टा केली होती.

दुकानदाराने आधी नवंकोरं, चपटं यंत्र पुढे सरकवलं. "हा घ्या. आवाज असा की गाणारा समोर बसलाय असं वाटेल. खालचे सूर कसे भरीव…"

"आवाज डबी करते. हा वाचतो कसा ते दाखवा."

"मोठे कानसेन म्हणून ऐकलं होतं तुमच्याबद्दल, आणि आवाजाचं नावही काढू देत नाही!"

यंत्राला समोर फक्त एक फट होती. अध्यक्षांची सीडी तिने ओढून घेतली. आत किर्र झालं, मग खरखर, मग काहीच नाही. बाहेर काढायचं बटण दाबलं, सीडी येईना. पुन्हा दाबलं. आत काहीतरी जोर लावत राहिलं आणि थकलं. दुकानदाराने चार स्क्रू काढून झाकण उचललं तेव्हा लेबल चुरगळून रुळाला चिकटलेलं होतं आणि कडेची बोटभर चकाकी त्याच्याबरोबर गेली होती. तिथून आरपार दिसत होतं.

बाईंनी फडक्यावरची नानांची सीडी दोन्ही तळव्यांनी झाकून घेतली.

"ही आत गेली असती तर," मास्तर हळूच म्हणाले.

सीडी आतून बाहेर वाचतात आणि अध्यक्ष कडेपर्यंत पोचले नव्हते, म्हणून भाषण वाचलं. दुसरं यंत्र म्हणजे एक जुना डीव्हीडी प्लेअर, सगळ्यांत स्वस्त. ट्रे सरकला, सीडी सुखरूप आत गेली. दुकानदाराने पस्तिसाव्या मिनिटापासून लावलं. अध्यक्ष छान बोलत होते. अडतिसावं मिनिट आलं आणि ते "आपण सर्व… सर्व… सर्व…" करू लागले. मग गप्प.

"संपलं?" बाईंनी विचारलं.

"हा पुढे जात नाही."

"दुसरं काही नाही?"

दुकानदाराने मान खाजवली. मागच्या फळीवरून, तारांच्या भेंडोळ्याखालून, त्याने एक जाडजूड यंत्र काढलं. एका कोपऱ्याला पोचा, रिमोट हरवलेला. "हा आहे. दिसायला गबाळा म्हणून कुणी नेत नाही. वरून झाकण उघडायचं, सीडी हाताने ठेवायची, मधे हे वजन ठेवायचं. कडेला काही लागत नाही, लेबलाला काही शिवत नाही. वाचायला जरा मंद आहे. अडलं की धावत सुटत नाही, तिथेच घोटाळतो."

"घोटाळू दे," मास्तर म्हणाले.

अध्यक्ष अडतिसाव्या मिनिटाला आले. "आपण सर्व…" म्हणून अडले. यंत्रातून सुईने पत्र्यावर टोचल्यासारखी बारीक टिकटिक आली. तिघेही वाकून उभे. "…जण मिळून," अध्यक्ष म्हणाले, आणि पुढे निघाले. "शेवटी एवढंच सांगतो" असं म्हणून त्यांनी आणखी अकरा मिनिटं सांगितलं, आणि त्या तिघांनी ते सगळं उभ्याने ऐकलं. अध्यक्षांना असे श्रोते आयुष्यात मिळाले नसतील.

"हाच बांधा," मास्तर म्हणाले. "घरी नेऊन शांतपणे ऐकू."

"इथेच लावा."

"अगं, दुकानात…"

"घरी नेलं की मी उद्या म्हणेन. अकरा वर्षं उद्याच म्हणतेय मी. लावा हो भाऊ, तिसाव्या मिनिटापासून."

दुकानदार घुटमळला. "वहिनी, खोटं बोलत नाही. ते चाललं म्हणजे हे चालेलच असं नाही. ही लेबलाची कड सुटलीय. फिरताना वारा धरून सगळं लेबल सुटलं, तर चकाकी घेऊनच सुटेल. मग संपलं."

"आणि नाही लावली तर?"

"तर शाई रोज थोडी थोडी उडतेच आहे."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नुसती मान डोलावली. दुकानदाराने यंत्राला एक रेकॉर्डर जोडला. "जेवढं येईल तेवढं पकडून ठेवतो," तो म्हणाला, आणि दुकानाचं दार लोटून आला. सीडी मात्र बाईंनी स्वतः ठेवली. वजन ठेवलं. झाकण लावलं.

नानांचा आवाज आला. भरदार, जरासा घाईतला. राग कसा पाहुणा म्हणून येतो आणि घरमालक होऊन बसतो ते सांगत होते. लोक हसत होते. मग ओळ सुरू झाली, मागून एक तरुण बाईचा आवाज, आणि नाना कडाडले : "तू थांब. सूर उतरवतेस. मी एकटा म्हणतो." खुर्ची सरकली. पावलं दूर गेली.

बाईंचा हात आपोआप बटणाकडे गेला. मास्तरांनी अडवला नाही. हात मधेच थांबला, मागे आला, आणि तो मांडीखाली दाबून त्या स्टुलावर बसल्या.

नाना एकटेच गात राहिले. पस्तीस. छत्तीस. झाकणाखालून फर्रर्र असा आवाज येऊ लागला. पंख्यात कागद अडकावा तसा. दुकानदाराने ओठ आवळले. सदतीस. गाणं थांबलं. सभागृहात कुणीतरी खोकलं. नाना म्हणाले, "आता एक गोष्ट सांगायची राहिली. माझी धाकटी…"

आवाज तुटला. आकडा अडतीस सोळावर थिजला. फर्रर्र वाढली. टिकटिक. पुन्हा टिकटिक.

दुकानदाराचा हात स्विचकडे गेला. "वहिनी, लेबल सुटतंय. आत्ता थांबवलं तर निदान…"

"हात लावायचा नाही."

"जाईल सगळं!"

"एवढं बोलून ते गप्प बसायचे नाहीत. मी ओळखते त्यांना. थांबा तुम्ही."

टिकटिक. आकडा हलेना. मास्तरांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा दगडासारखा झाला होता.

अडतीस सतरा.

"…उठून गेली," नाना म्हणाले. आवाज खाली आला होता. "तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. अर्धा तास रागावर बोललो आणि तुमच्यादेखत त्याच्याकडून मार खाल्ला. ती चुकली नव्हती. सूर माझाच उतरला होता. दमलोय, वय झालं, ते कबूल करायची लाज वाटली. ती एकटीच सुरात होती म्हणून मला वेगळी ऐकू आली." मग : "ती आली की तिच्यासमोर म्हणेनच. पण तोवर ती ओळ अशी उतरलेली ठेवून मला उठता यायचं नाही. देवासमोर चुकीचं ठेवलं, ते बरोबर करून ठेवतो. तिच्या पट्टीत."

आणि नानांनी ओळ उचलली, लेकीच्या उंच पट्टीत. पहिला सूर लागला. दुसऱ्याला आवाज चिरला. त्यांनी श्वास घेतला, तो दुकानात स्पष्ट ऐकू आला, आणि ते पुन्हा वर चढले. साथीदार ठेका संथ करून त्यांना सांभाळून घेत होता. आकडा पुढे सरकत होता. फर्रर्र चालूच होती. पण आता तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दुकानदार रेकॉर्डरचा लाल दिवा ओंजळीत धरल्यासारखा उभा होता.

तिसऱ्यांदा नाना वर गेले, आणि धाप लागली.

बाई स्टुलावरून उठून यंत्रावर वाकल्या. डोळ्यांतलं पाणी त्या पुसत नव्हत्या. वडिलांना रोज जेवायला हाक मारावी तशा साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "नाना, थोडं खाली घ्या हो. दम लागतोय तुम्हाला. मी घेते खालून, चालेल मला."