उंबऱ्यापर्यंत नेणारी चाकं

गोजरबाईची अट एकच होती. घरी जाईन ती दारात गाडीतून उतरून, आपल्या पायांनी उंबरा ओलांडीन. माणसांच्या खांद्यावरून जाणार नाही.

अटीला कारण होतं. जुलैत ती खाचरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा घाटघरच्या वरच्या वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत चौघांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून आणलं होतं. दीड किलोमीटरचा चिखलाचा उतार. दुखलं तर खरंच, पण त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. वाडीतल्या बाया दारोदार उभ्या राहिल्या आणि झोळी समोरून गेली तसे त्यांनी हात जोडले.

"जित्या माणसाला कोन हात जोडतं का, बाय?" नारायणगावच्या दवाखान्यात ती वृषालीला म्हणाली. "मेल्यावर न्या मला खांद्यावरून. तवर न्हाई."

"मावशी, तुम्हाला मी दारात उतरवीन," वृषाली म्हणाली.

वृषाली ज्युनियर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. शब्द देताना आधी मोजून बघणारी बाई. हा शब्द मात्र तिने न मोजता दिला. सोळा वर्षांपूर्वी तिची मुलगी श्रेया आठव्या महिन्यात जन्मली, तेव्हा तिचं वजन होतं एक किलो आठशे ग्रॅम. गोजरबाई दर हिवाळ्याप्रमाणे त्यांच्या येडगावच्या मळ्यात कांद्याच्या लागवडीला आली होती. तिने खुरपं ठेवलं, हात धुतले, आणि पुढचे चाळीस दिवस ते बाळ आपल्या उघड्या छातीशी धरून, वरून लुगड्याचा पदर गुंडाळून बसून राहिली. अशा बाळाला आईच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या अंगाची ऊब सगळ्यात चांगली, हे वृषालीने नंतर पुस्तकात वाचलं. गोजरबाईने काही वाचलं नव्हतं. त्या चाळीस दिवसांबद्दल पुढे ती एका अक्षराने बोललीही नाही. लागवड मागे पडली म्हणून तेवढी हळहळली.

घरी जीप होती, चारही चाकांना ताकद देणारी. नवरा भरत कांदा पिकवायचा आणि हौसेने ती जीप चालवायचा. गोजरबाईला दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या आदल्या रविवारी दोघं रिकामी जीप घेऊन तो चढ बघून आले. अर्ध्यावर चाकं जागच्या जागी फिरली, गाडी तिरकी होऊन बांधाला टेकली. गोजरबाईचा नवरा भागू छत्री धरून हे सगळं बघत होता. त्याने घाई न करता सांगितलं, "पावणं, झोळीवाली चार मानसं मी सांगून ठिवतो. तुमी जिवाला लावून घेऊ नका."

जुने टायर झिजले होते हे उघडच होतं. दुसऱ्या दिवशी दोघं कळंबला सोपानच्या टायरच्या दुकानात गेले.

भरतच्या डोक्यात काय घ्यायचं ते पक्कं होतं. त्याने मोबाईलवर इतके व्हिडिओ पाहिले होते की दुकानात शिरताच त्याने भिंतीवरच्या एका चाकाकडे बोट केलं. काळं चकचकीत अठरा इंची रिम आणि त्यावर हातभर रुंद टायर. तो म्हणाला, हे घातलं की जीप भिंतीवर चढेल. सोपानने होला हो केलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जीप जॅकवर घेतली, स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं आणि चाकाच्या वरच्या पत्र्याला आतून खडूने रेघ मारली. एवढा रुंद टायर वळणावर इथे घासणार, आणि मागे माणूस बसलं की जास्तच घासणार. मग त्याने विचारलं, मागे बसणार कोण?

वृषालीने सांगितलं. वय सत्तरच्या आसपास, खुब्यात सळई, ऑपरेशनला अठरा दिवस.

सोपानने हातातला खडू खाली ठेवला. "वहिनी, मग हे सोडाच. रिम जेवढं मोठं, तेवढं रबर कमी. खड्ड्यात चाक गेलं की धक्का कुनी खायाचा? रबरानं का आजीच्या हाडानं?"

भरत जरा खट्टू झाला. सोपान त्याच्या दंडावर थाप मारून म्हणाला, "भरतशेठ, दिसायला झ्याक हाय, मी कुठं नाय म्हनतो? पोरीच्या लग्नात लावा."

शेवटी ठरलं ते असं: रिम आहे तेच, सोळा इंची. टायर एक नंबर उंच, पण रुंदीला तेवढाच. खोल नक्षीचा आणि बाजूने मऊ, ट्रकसारखा जाड थरांचा नको. वृषालीने मनात हिशेब केला. टायर इंचभर उंच झाला तर गाडीचं पोट जमिनीपासून अर्धाच इंच वर जातं. तिने तसं बोलून दाखवलं. सोपान हसला आणि म्हणाला की अर्धा इंच ही काही थोडी गोष्ट नाही, दगड त्याच्याखालून जातो नाहीतर जात नाही. चाकं बसवून होईपर्यंत वृषाली बाहेर उभी राहून दवाखान्याशी फोनवर बोलत होती. आत सोपान भरतला आणखी काही समजावत होता आणि त्याने त्याच्या हाती पेनाएवढं, हवा मोजायचं मापक ठेवलं, एवढं तिने काचेतून पाहिलं.

बुधवारी सकाळी त्यांनी गोजरबाईला मागच्या सीटवर निजवलं. पाठीशी लोड, गुडघ्यांमध्ये उशी. वृषाली तिच्याजवळ बसली. जुन्नरच्या पेट्रोल पंपावर भरत उतरला, काहीतरी करून आला आणि गाडी निघाली. आपटाळ्यानंतर धुकं दाट होत गेलं. डांबरी रस्त्याला खड्डे होते, आणि प्रत्येक खड्ड्याला गोजरबाई वृषालीचं मनगट आवळायची. टायर मऊ घेतलेत, मग एवढे धक्के का, हा प्रश्न वृषालीला पडला. पण रस्ताच तसा आहे म्हणून तिने तो बाजूला सारला.

चढाच्या पायथ्याशी भागू आणि चार माणसं थांबली होती. एकाच्या खांद्यावर घडी घातलेली घोंगडी होती. गोजरबाईने ती काचेतून पाहिली आणि तोंड फिरवलं.

भरतने गाडी खालच्या गिअरला टाकली. वीस पावलं जीप छान गेली. मग मागची बाजू सरकली, चाकं भिरभिरली, चिखलाचे गोळे काचेवर आले, आणि गाडी तिरपी होऊन थांबली. दुसऱ्यांदाही तेच. गोजरबाई कण्हली नाही. तिने डोळे घट्ट मिटले होते.

भागू खिडकीशी आला आणि हळू आवाजात म्हणाला की पाऊस वाढायच्या आत उचलून नेलेलं बरं.

"मी हितंच बसती," गोजरबाई म्हणाली. "भिजंन, पर बसती."

वृषाली उतरली. काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. उतरली ती नुसती बघायला, कारण बघण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं. जीप जिथून वर आली होती तिथे चिखलात टायरचे ठसे होते. एवढी खोल नक्षी, पण ठसा उमटला होता मधल्या पट्ट्याचाच. दोन्ही कडांची नक्षी जमिनीला टेकलीच नव्हती.

"अहो, हवा किती आहे?"

भरत खाली उतरला. मग म्हणाला, "चाळीस. पंपावर भरून घेतली."

कांद्याच्या पिकअपमध्ये माल भरला की त्यांच्या घरात पहिलं काम टायर टणक करायचं. सासरे करायचे, भरत करायचा. भरल्या गाडीत हवा कमी असली की टायर फुटतो, आणि लांबचा पल्ला म्हणजे हवा टाइट, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

"चढाच्या आधी हवा अठरापर्यंत उतरवा, आसं सोपान बोलला व्हता," तो म्हणाला. चिखलात उभं राहिलं की त्याच्या तोंडी गावची बोली यायची. "पर मला वाटलं, मागं मावशी हायेत. टायर बसला तर वाटंत काय करू? म्हणून उलट भरली."

चूक काळजीपोटी झाली होती. वृषालीला राग आला तो स्वतःचा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहीत आली होती, आणि आज तासभर त्या दगडासारख्या टायरांवर बसून आली होती. ती पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. टोपण काढून झडपेत काडी दाबली. हवा फुसफुसत बाहेर पडू लागली. भरत मापक घेऊन दुसऱ्या चाकाशी बसला. मग त्या चौघांतल्या सावळेरामने घोंगडी बांधावर ठेवली आणि तिसऱ्या चाकाची झडप दाबायला घेतली. "आयला, हवा भराया मानूस लागतं, सोडायाबी लागतं व्हय," तो म्हणाला, आणि भागूसुद्धा हसला.

दहाबारा मिनिटं गेली. टायरची पोटं खाली फुगून जमिनीवर पसरली. गाडी बसल्यासारखी दिसत होती, आणि भरतच्या चेहऱ्यावर भीती होती.

"एका दमात, पण सावकाश," वृषाली म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

जीप हलली. या वेळी खालचे दगड धक्के देत नव्हते. टायर त्यांना पोटात घेत होता. सरकण्याच्या जागी गाडी एकदा थरथरली, क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि वर गेली. भागू आणि ती चार माणसं रिकाम्या हातांनी मागून चढत होती. गोजरबाईने डोळे उघडले. बाहेर तिची खाचरं दिसत होती, भाताची आवणी झालेली, हिरवी. तिने वृषालीचं मनगट सोडलं आणि काच पुसली.

दारात सून सोनल उभी होती. वाडीतल्या बायाही जमल्या होत्या, पण या वेळी त्या काय करावं ते न कळून नुसत्या उभ्या होत्या. गोजरबाईला उतरायला बराच वेळ लागला. कुणी हात पुढे केला की ती मान हलवायची. वॉकरचे पाय चिखलात रुतले, तिने ते उपटले. उंबऱ्यापाशी थांबून तिने श्वास घेतला. सोनलने भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि गोजरबाई आधी वॉकर, मग चांगला पाय, मग दुखरा पाय, अशी आत गेली.

आतून लगेच वळून तिने हाक मारली.

"सोनल, हिच्यावरनं पन ववाळ. ही बी लांबनं आली."

वृषाली नको म्हणणार होती. दवाखान्यातून आलेल्या माणसाचा तो मान असतो. आणि आज आपण त्या चाळीस दिवसांची थोडी परतफेड केली असं तिला वाटत होतं, तर इथे पुन्हा मिळतच होतं. पण ती चपला काढून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. चिखलाने भरलेल्या तिच्या पायांवर सोनलने तांब्या रिता केला. पाणी कोमट होतं. सोनलने ते दोघींना पुरेल एवढं आधीच चुलीवर तापवून ठेवलं होतं.