खुडलेले शेंडे

सत्यभामेने हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून पदराच्या ओट्यात टाकले. तिच्या शेजारी कृषी सहायक भागवत मातीचा नमुना घेण्यासाठी कुदळ घेऊन उकिडवा बसला होता. त्याने एक रोप मुळासकट उपटले व मुळावरची गाठ नखाने चिरली. आतील गर मांसासारखा तांबडा निघाला.

"बाकी रानात गाठीच न्हाईत," तो म्हणाला. "जमीन चुनखडीची. कितीबी खत टाका, स्फुरद चुन्यात अडकून बसतं, अन् त्याच्याबिगर गाठी धरत न्हाईत. मग एवढ्याच तुकड्यात कसं काय सुटलं?"

सभोवतालचे पीक पिवळे व खुरटे होते. मधोमध हा हिरवागर्द पट्टा, लांबट, खाटेएवढा. वारा पडला होता. तथापि शेंडे हलल्यासारखे दिसले; आपण आल्याचे त्या पट्ट्याला कळले आहे, असे भागवतला उगाच वाटले.

बांधावरून सत्यभामेचा धाकटा दीर आश्रुबा ओरडला, "पवळ्या पुरलाय तिथं! आमचा बैल. उकरू नगा, सायेब."

"तरीच!" भागवत हसला. "जनावर कुजलं की असंच पीक उठतं. वैनी, बैल मेला तरी राबतोय बघा तुमचा."

सत्यभामेचा हात थांबला. पवळ्याला पुरताना तिनेच हळदकुंकू वाहिले होते. परंतु ते बांधापलीकडच्या लिंबाखाली. तिने तिकडे पाहिले. तेथेही पीक हिरवे होते, बैलाएवढे रुंद.

पवळ्या मेला त्याच वर्षी तिचा नवरा म्हाळू मेंढरे विकण्यास वडवणीच्या बाजारी निघाला, तो परतला नाही. मांजरसुंब्याला तो ट्रकात चढताना दिसला, असे आश्रुबानेच गावाला सांगितले होते. तेव्हापासून ती रोज कुंकू लावून वाटेकडे डोळे लावी.

"भाऊजी, ह्या तुकड्याची भाजी तुमी काहून खात न्हाई?"

"मला आंबट सोसत न्हाई, वैनी."

"चिंचा तर लई खाता."

आश्रुबा बांधावरून उतरला, झपाझप आला आणि हिरव्या कडेशी थबकला. त्याचे पाऊल आत पडले नाही.

दरवर्षी ती येथलेच शेंडे खुडीत असे. सर्वांत कोवळे म्हणून. सत्यभामेने ओटा सोडला. सारे शेंडे मातीवर पडले. मग पायांतल्या चपला काढून तिने पट्ट्याबाहेर ठेवल्या आणि भागवतपुढे हात केला.

"सायेब, ती कुदळ द्या."