माझ्या जोडीचा डिमर

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. रस्त्याच्या कडेला जाळीत उभा असतो ना, तो नव्हे. तो आमच्यातली बडी असामी! मी आपला विटेएवढा, पण उचलून बघा, हाताला रग लागेल. पोटात लोखंडाचा गाभा आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. कारखान्यात एका बाईंनी ते वेढे घातले. काम झाल्यावर त्यांनी मला कानाशी धरून हलवलं आणि म्हणाल्या, "गुणी आहे." माझ्या तोंडावर झालेलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

माझं काम सोपं. भिंतीतून येणारी वीज मोठ्या दाबाची आणि हॅलोजनचे छोटे दिवे नाजूक. ती वीज त्यांना सोसायची नाही, म्हणून मी तिला बारा व्होल्टवर आणून त्यांना द्यायचो. एका घराच्या हॉलमध्ये खोट्या छताच्या वर मला बसवलं आणि झाकण लावून टाकलं. वर अंधार, धूळ आणि शेजारी एक मेलेली पाल. बोलणार कोणाशी?

सोबती एकच होता, तोही कधी दिसला नाही. खाली भिंतीवरचा डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं गोल बटण. माझ्याच जातीसाठी केलेला, माझ्याबरोबरच आणलेला. आमच्यात फक्त एक वायर. त्याने मान जराशी वळवली की मला वर कळायचं, घरच्या काकू आल्या.

काकूंना अर्धशिशीचा त्रास. भगभगीत उजेड नको आणि बारीकसा आवाजही नको, दोन्हींनी त्यांचं डोकं उठायचं. म्हणून रोज संध्याकाळी त्या दिवे मंद करायच्या आणि काकांशी पत्ते खेळायला बसायच्या. काका हरले की चिडायचे, "अगं, तू पानं लपवतेस!" "मला कशाला लपवायला लागतात? तुम्ही तुमची दाखवतच खेळता," असं म्हणून काकू हसायच्या. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात ती दोघंच. वरून ऐकताना मला वाटायचं, आपणही त्या घरातलेच.

मग एक दिवस डिमर गेला. बटण कितीही फिरवा, दिवे ढिम्म. जावईबापू मोठ्या हौसेने नवा घेऊन आले. भिंतीला नुकताच फिकट मोरपंखी रंग दिला होता. त्यांनी रंगाचा नमुना दुकानात नेऊन अगदी त्याच छटेचा डिमर निवडला होता. "बघा बाबा, भिंतीशी कसा जुळला!" जुळला हो, भिंतीशी जुळला! माझ्याशी जुळतो का, हे कोणी विचारलं? छतात कोणी आहे, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

काकूंनी उजेड मंद केला आणि माझ्या अंगाला कापरं भरलं. आतून घूंऽऽ असा आवाज निघायला लागला. खूप आवरलं, पण ते माझ्या हातात नव्हतं. "अहो, काय घुमतंय हे?" काकूंनी कपाळ धरलं. डिमर पूर्ण फिरवून उजेड वाढवला की मी गप्प व्हायचो, पण मग तो उजेड त्यांना सोसेना. दोन-तीन संध्याकाळी त्यांनी कशाबशा काढल्या. मग एकदा डाव अर्धा टाकून त्या मागच्या खोलीत जाऊन पडल्या आणि पुढे हॉलमध्ये येईनाशाच झाल्या.

काका एकटेच बसायचे. पत्ते पिसायचे, दोघांना वाटायचे आणि पुन्हा गोळा करायचे. दिव्यांचाच दोष असेल म्हणून त्यांनी चारातले दोन दिवे काढून ठेवले. नसती आफत! माझ्यावरचा भार घटला, तशी उरलेल्यांना जास्त वीज जायला लागली आणि त्यातला एक फट्कन उडाला. अंधुक हॉलमधून काकांनी हाक मारली, "येतेस का गं?" मित्रांनो, माझा जीव तुटत होता. काका, दिवे नव्हेत हो, डिमर बदला! पण मला ओरडता यायचं ते एवढंच, घूंऽऽ.

शेवटी वायरमन आला. झाकण काढून त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"काका, केवढा तापलाय हा! जुना लोखंडी गाभ्याचा आहे. डिमर विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापून उजेड कमी करतो. याला लाटेचं तोंड कापणारा डिमर लागतो. तुम्ही लावलाय शेपूट कापणारा. तो नव्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरचा. या दोघांचं जन्मात पटायचं नाही."

"मग आता?"

"डिमर बदला, नाहीतर याला. याच्या जोगा डिमर मागवायला आठवडा जाईल. नवा ट्रान्सफॉर्मर पिशवीतच आहे."

काकांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. "आठवडा नको बाबा. आजच काय ते कर."

राग आला का? आला, चांगलाच आला. माझं काय चुकलं होतं? माझ्या वायरी सोडवून वायरमनने त्या नव्याला जोडल्या, चारही दिवे पुन्हा लावले आणि मला दाराशी ठेवलं, पायपुसण्याजवळ. संध्याकाळी दिवे मंद झाले. कुठेच आवाज नाही. काकू दारात थबकल्या, कान देऊन ऐकलं आणि हळूच काकांसमोर येऊन बसल्या.

"किती बरं वाटतंय हो. काय होतं ते?"

"काही नाही गं, एक जुना डबा होता."

आता मी माळ्यावर एका खोक्यात आहे. जळलेलो नाही, तुटलेलो नाही, आजही दिवे लावू शकेन. फक्त माझ्या जोडीचं कोणी उरलं नाही. फार एकटं वाटतं, मित्रांनो. तरी मागणं माझ्यासाठी नाही. घरात एखादी वस्तू बदलाल, तेव्हा तिच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, ते आधी बघा. उद्या तो मोरपंखी डिमरही बिघडेल. तेव्हा नवा आणण्याआधी एकदा छतात डोकवा. काकूंना पुन्हा हॉलमधून उठून जायला लागू नये.