हिरव्या रंगाखालचा सांधा

सोड्याचा झोत मारून रंग काढणारं यंत्र रोवेनाने मेळ्याचं सामान ठेवायच्या वाड्यात आणलं, त्या दिवसापासून तिचा बाप त्याला पाण्यात पाहत होता. अँब्रोज पिंचबेकचं म्हणणं सरळ होतं. पाळण्याला दर हिवाळ्यात नवा रंग चढवायचा, जुना खरवडायचा नाही. त्याच्या बापाने तेच केलं, आजोबाने तेच केलं आणि पिंचबेकांच्या आठ भुजांच्या ऑक्टोपस पाळण्याने आजवर कुठल्याही मेळ्यात मान खाली घातली नव्हती.

"केकात घालतात तोच सोडा आहे, डॅड. कण तेवढे जाड," रोवेनाने समजावून पाहिलं. "वाळूसारखा ओरबाडत नाही. रंग सोलतो, वरवरचा गंज काढतो, लोखंडाला हात लावत नाही."

"मग केकच कर की. तो तरी जमतोय का बघू."

म्हाताऱ्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. तिने वाद घातला नाही, काम सुरू केलं. एकेक भुजा घोडीवर चढवून तिने आई-आजीच्या काळापासूनचे रंगांचे थर उतरवले, गरम पाण्याने लोखंड धुतलं आणि नवा रंग दिला. शेवटची एक भुजा तेवढी राहिली. ती राहिली नव्हती, मुद्दाम ठेवली गेली होती. रोवेना तिच्याकडे वळली की अँब्रोजला काहीतरी आठवायचंच. लॉरीचा टायर बघ, ताडपत्री शिव, ही भुजा चांगली आहे, हिला कशाला छळतेस!

आता मात्र वेळ उरला नव्हता. उद्या सकाळी तपासनीस येणार होता. त्याने पाळणा चालवायला मोकळीक दिली की परवा लॉऱ्या लिन गावाकडे निघणार. लिनचा मेळा म्हणजे हंगामाचा पहिला मेळा आणि तिथला बँकेसमोरचा कोपरा पिंचबेकांचा. मेळेवाल्याला असा कोपरा बापाकडून मिळतो. एक वर्ष तो रिकामा ठेवला की हातचा गेला, आणि दुसरे मेळेवाले, प्राउटी, तर त्या कोपऱ्यावर कधीपासून टपून बसले होते.

दुपारी अँब्रोज केस कापायला गावात गेला. रोवेनाने डोक्यावर टोप चढवला आणि नळी उचलली.

पांढरा ढग उठला. लाल गेला, त्याखालचा पिवळट गेला, त्याखालचा निळा गेला. मग तिचं बोट खटक्यावरून आपोआप सुटलं. खाली हिरवा होता.

तिचा नवरा सायलस मागे लाल रंग ढवळत उभा होता. त्याने पाहिलं आणि हातातली काठी डब्यातच सोडली.

"झाक ते, रो. आधी झाक."

मेळेवाल्यांत हिरव्याचं नावही काढत नाहीत. पडद्याला नाही, पोराच्या मोज्याला नाही, पाळण्याला तर नाहीच. रोवेनाच्या एका आत्याने हिरव्या झग्यापायी ठरलेलं लग्न मोडलं होतं. पिंचबेकांच्या भुजेवर हिरवा चढणं शक्यच नव्हतं. म्हणजे ही भुजा पिंचबेकांची नव्हती.

"हिच्या आधीच्या मालकांनी काय पाप केलं असेल कुणास ठाऊक," सायलस पुटपुटला.

भीती रोवेनालाही वाटत होती, पण हिरव्याची नाही. भुजा मधल्या खांबाला जिथे जोडतात त्या खांद्याच्या सांध्याकडे तिने नळी वळवली. रंग सुटला, तांबूस गंज सुटला, धातू उघडा पडला. सांध्याच्या कडेला केसाएवढी रेघ तशीच राहिली. तिने पाणी ओतलं, फडक्याने पुसलं. रेघ जाईना.

"ओरखडा असेल," सायलस म्हणाला.

"असेल," ती म्हणाली.

अँब्रोज आला तेव्हा त्याचे कापलेले केस अजून कॉलरवर होते. त्याने दुरूनच हिरवा रंग पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"कुठून आणलीस ही?" रोवेनाने विचारलं.

"माझ्या वाड्यात मला विचारतेस?"

"डॅड, कुठून?"

म्हातारा घोडीच्या टोकावर टेकला. "तुझी आई दवाखान्यात होती त्या वर्षी. बर्फाने छप्पर कोसळलं, आपली भुजा वाकली. नवी करून मिळायला उन्हाळा उजाडला असता. परदेशातला एक पाळणा भंगारात निघाला होता, त्याची घेतली. हिरवी होती. गड्यांना कळलं असतं तर एकाने पाळणा उभारला नसता. एकट्याने ताडपत्रीखाली बसून रंगवली, पटकन."

"आणि सांधा बघितला नाहीस."

"हिरवा झाकू की सांधे बघत बसू?" तो उसळला.

आता रोवेनाला सगळं लख्ख कळलं. सोड्याच्या यंत्राचा राग, टायर, ताडपत्री, सगळं. हिरवा उघडा पडू नये म्हणून या माणसाने इतकी वर्षं ही भुजा कुणाला सोलू दिली नव्हती. आणि दर उन्हाळ्यात लोकांची पोरं हिच्या टोकाला किंचाळत हवेत फिरली होती. तिला बापाचा संताप आला आणि त्याच वेळी त्याची कीवही आली.

तिने रॉकेलचा डबा आणला. खात्री करायची ही रीत अँब्रोजनेच तिला शिकवली होती. सांध्यावर रॉकेल चोळायचं, मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर पांढरी भुकटी भुरभुरायची. ओरखडा असेल तर भुकटी पांढरीच राहते. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल वर झिरपतं. तिने हातमोजे काढले आणि झोतात चुरून बारीक झालेला मूठभर सोडा सांध्यावर पसरला.

तिघंही वाकून बघत राहिले. काही झालं नाही. सायलसने सुटकेचा श्वास सोडला. "बघ, उगाच—"

सोड्यात एक करडा ठिपका उमटला. मग त्याच्या शेजारी दुसरा. ठिपके जुळले, रेघ झाली, आणि रेघ सांध्याच्या कडेने सरकत खाली वळली. डोळ्यांना दिसली होती त्याहून ती कितीतरी लांब होती. जवळजवळ अर्ध्या सांध्याला तिने वेढा घातला होता.

"ही आणि समोरची काढू," सायलस घाईघाईने म्हणाला. "सहा भुजांवर चालवू."

"तपासनीस काय डोळे मिटून येणार आहे? आठचा पाळणा आठवरच चालतो," अँब्रोज म्हणाला आणि उठला.

तो कोपऱ्यातल्या जुन्या टाकीकडे गेला. लोखंडी दाण्यांचा झोत मारायची होती ती. रोवेनाला त्याचा डाव कळला. सोडा तडा उघडा ठेवतो, पण लोखंडी दाणे धातूला ठोकून ठोकून तड्याची तोंडं मिटवतात. वर दोन हात लाल रंग दिला की तपासनिसाला काय दिसणार होतं!

"डॅड, नको."

"एक मेळा. लिन झालं की भुजा बदलतो. माझ्या बापाचा कोपरा आहे तो, पोरी. प्राउट्यांना त्यावर उभं राहिलेलं बघू मी?"

"आणि पोरं?"

"भुजा इतकी वर्षं टिकली. आणखी एक आठवडा टिकेल."

त्याने टोप चढवला. कॉम्प्रेसर धडधडू लागला, आता कुणाचं कुणाला ऐकू जाईना. सायलस जागचा हलला नाही. सासऱ्याला आजवर तो कधी आडवा गेला नव्हता. दाण्यांचा झोत भुजेच्या मध्यापासून निघाला, हिरवा उडवत खांद्याकडे सरकू लागला. म्हाताऱ्याचा हात अजूनही पक्का होता.

रोवेनाने उघडा पंजा तड्यावर ठेवला.

झोत थांबला नाही. हातभर अंतर राहिलं, मग वीतभर. टोपाच्या काचेमागे बापाचे डोळे दिसत नव्हते. त्याला हात दिसतोय की नाही हेच तिला कळेना. उडालेले दाणे बोटांवर सुया टोचावेत तसे लागले आणि सांध्यावरच्या सोड्यात रक्ताचे थेंब पडले. सायलस ओरडत होता. ती डोळे मिटून तिथेच उभी राहिली.

झोत बंद झाला.

अँब्रोजने टोप काढला. त्याने तिचा हात उलटसुलट करून पाहिला, खिशातल्या रुमालाने बांधला. लहानपणी गुडघा फुटला की बांधायचा तसाच, जरा जास्तच घट्ट. मग तो आपल्या गाडीघरात गेला. दार त्याने लावलं नाही.

"वॉल्टर? अँब्रोज बोलतोय," लिनच्या मेळ्यात जागा वाटणाऱ्याला लावलेल्या फोनवरचा आवाज बाहेर ऐकू आला. "लिनला मी येत नाही. कोपरा प्राउट्यांना दे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. घरात मयत झाल्याशिवाय लिन कुणी चुकवत नाही, तेव्हा दुसरं काय विचारणार! रोवेनाला बापाची पाठ दिसत होती. ती ऐकत राहिली.

"नाही रे, कुणी गेलेलं नाही," अँब्रोज म्हणाला. "कुणी जाऊ नये म्हणून सांगतोय."