रक्तचंदनाचा रिमोट

नेपरव्हिलमधल्या संजीव आणि रेखा यांच्या तळघरात त्या शुक्रवारी संध्याकाळी चौसष्ट माणसं होती. खुर्च्या अठ्ठेचाळीस, उरलेले सोळा जण गालिच्यावर. डॉक्टर पाच, इंजिनियर एकोणीस, पीएच.डी. झालेले सहा. जिन्याच्या तोंडाशी स्टीलच्या परातीत गाडीच्या किल्ल्यांचे एकतीस जुडगे, आणि शेजारच्या वाडग्यात खिशांतली सुटी नाणी. बायकांनी हातातल्या बांगड्यांवर रुमाल गुंडाळले होते. पद्मिनीने हे सगळं मोजून काढलं, कारण महाराजांना यायला पाऊण तास उशीर झाला होता आणि तिला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"धातूचा नाद महाराजांना चालत नाही," रेखाकाकूंनी दारातच सांगितलं होतं. "नादातून संसार शिरतो म्हणे आत."

पद्मिनी बावीस वर्षांची. अर्बानाच्या विद्यापीठातून गेल्या मे महिन्यात, म्हणजे १९८४ साली, फिजिक्सची पदवी घेऊन घरी आली होती. तिची आई सरला हिला संधिवात होता. जानेवारीच्या थंडीत तिची बोटं स्टिअरिंगभोवती वळत नसत, म्हणून लेकीने तिला गाडी चालवत आणलं होतं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून सरला इथल्या मराठी मंडळातला एकही कार्यक्रम चुकवत नसे. माणसांत बसलं की बरं वाटतं, म्हणायची.

ज्योतिर्धर महाराज आले. अंगावर भगवी शाल, पायांत जाड लोकरीचे मोजे, मनगटावर सोन्याचं घड्याळ. त्याचा नाद बहुधा पारमार्थिक असावा. पुढे कमरेएवढा कोरीव देव्हारा होता. त्याची वायर भिंतीत खोचलेली, आणि मूर्तीमागे काचेत एक लाल ज्योत, विझलेली.

महाराजांनी झोळीतून लाकडाचा एक चपटा तुकडा काढला. "हा संकल्पदंड! बॉडी रक्तचंदनाची, खास हिमालयातून. बटन शंखाचं. आत अष्टधातूची कांडी. तुमचा टीव्हीचा रिमोट काय मागतो? सेल मागतो! आणि माझा दंड काय मागतो? दिल मागतो, दिल!"

रक्तचंदन हिमालयात उगवत नाही. चौसष्टांपैकी निदान दहा जणांना हे ठाऊक असणार. कुणी बोललं नाही.

महाराज मागे मागे सरकत थेट वॉशिंग मशीनपर्यंत गेले आणि तिथून त्यांनी कळ दाबली. बारीकसा 'टक्' आवाज झाला आणि पंचवीस फुटांवरची ज्योत पेटली. पुन्हा 'टक्'. ज्योत विझली. तळघरात एक लांब सुस्कारा फिरला.

"दंडाला वायर दिसते? नाही! सेल दिसतो? खोलून बघा! सायन्सवाले या पुढे!"

सायन्सवाले म्हणजे संजीवकाका पुढे झाले. एका मोठ्या टेलिफोन कंपनीत वरच्या हुद्द्यावरचे इंजिनियर. त्यांनी दंडाची दोन फाळकी उघडली. आत एक खटका, एक स्प्रिंग आणि तर्जनीपेक्षा थोडी आखूड, पांढरट धातूची कांडी. एवढंच. काकांनी ती तळहातावर झेलून पाहिली. "काय हलकी आहे हो!" म्हणाले.

"पुण्याला वजन नसतं," महाराज म्हणाले, आणि पाच डॉक्टरांनी माना डोलावल्या.

"आय हॅव चेक्ड इट मायसेल्फ," काकांनी मंडळींना सांगितलं. "इन्फ्रारेड म्हणावं, तर त्याला दिवा लागतो, तो नाही. रेडिओ म्हणावं, तर सर्किट लागतं, तेही नाही. बॅटरी नाही. सायन्सकडे याचं उत्तर नाही."

काकांना तीन गोष्टी माहीत होत्या. तिन्ही इथे नव्हत्या, तेव्हा चौथा परमेश्वर, असा एकूण हिशोब.

मग परीक्षा सुरू झाली. मन शुद्ध असेल त्याच्या हातून ज्योत पेटणार. रांगेने एकेक जण येई, कळ दाबे, ज्योत पेटे, माणूस डोळे पुसत जागेवर जाई आणि जाताजाता देव्हाऱ्यापुढे पाकीट ठेवी. पाच जण नापास झाले. त्यांत डॉक्टर गुरुदत्तांची ऐंशीच्या पुढची आई होती, दोन म्हातारे गृहस्थ होते, आणि पाच वर्षांची एक मुलगी होती. तिला महाराजांनी मागच्या जन्माचं पाप लावून दिलं.

पाचवी सरला. कळ वाटीसारख्या खोलगट जागेत बसवलेली, शंख घासून गुळगुळीत केलेला. तिचा वाकडा अंगठा तीनदा घसरला. ज्योत काही पेटली नाही.

महाराजांनी डोळे मिटले. "माताजी, अंगात विलायती विष आहे. गोळ्या घेता?"

"रोज. सहा वर्षं झाली."

"बंद! उद्या परत या. विष उतरलं की ज्योत आपोआप."

मागून रेखाकाकूंची कुजबुज पद्मिनीला स्वच्छ ऐकू आली. "गोळ्यांचं निमित्त गं. विधवेने मुळात रांगेत यावंच कशाला?"

सरलालाही ती ऐकू आली असणार.

शनिवारी सकाळी सरलाने गोळी घेतली नाही. दुपारपर्यंत तिला उभं राहवेना, आणि जेवणाच्या वासानेही मळमळायला लागलं. पद्मिनीने तिच्या डॉक्टरांना फोन लावला. स्टेरॉइड सहा वर्षं चालू असताना एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं, गोळी आज पोटात गेलीच पाहिजे, उलट्या सुरू झाल्या तर थेट इमर्जन्सीत आणा, असं त्यांनी बजावलं.

"आई, प्लीज. घे ना गं."

"संध्याकाळी परीक्षा झाली की घेईन."

"अगं, तो माणूस फ्रॉड आहे!"

"असेल. पण साठ जणांच्या हातून पेटली, माझ्या हातून नाही. त्या रेखाचं बोलणं ऐकलंस ना? मी काय पाप केलंय ते मला कळू दे, मग घेते तुझी गोळी."

पद्मिनी चिडून खोलीत फेऱ्या मारत राहिली. कॉलेजात तिने एक सेमिस्टर उपकरणांच्या रचनेचा वर्ग केला होता. माणसाला कळ दाबता आली नाही तर आधी कळ तपासायची, मग माणूस, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण कळ दाबल्यावर पुढे काय होतं? त्या कांडीतून निघतं तरी काय?

सोफ्यावर पडल्यापडल्या सरला म्हणाली, "बाकी काही म्हण, काल आरतीला मजा नाही आली. नुसत्या टाळ्या. टाळांशिवाय आरती कधी ऐकली होतीस?"

पद्मिनी थांबली. टाळ नाहीत. घंटा नाही. किल्ल्या परातीत, नाणी वाडग्यात, बांगड्यांवर रुमाल. टाळ्या मात्र चालतात! महाराज संसाराला भीत नव्हते. ते किणकिणाटाला भीत होते.

तिने कागद ओढला. पांढरट आणि हलकी कांडी म्हणजे ॲल्युमिनियम. लांबी तर्जनीपेक्षा थोडी कमी, म्हणजे सुमारे सहा पूर्णांक तीन सेंटिमीटर. त्या धातूतून आवाज सेकंदाला पाच किलोमीटर धावतो. टोकावर ठोका बसला की तो या टोकाकडून त्या टोकाकडे आणि परत, सेकंदाला जवळजवळ चाळीस हजार वेळा. माणसाच्या कानाला वीस हजारांच्या पुढचं ऐकू येत नाही.

मंडळाच्या गणपतीचं सामान त्यांच्याच गॅरेजमध्ये असायचं. तिने त्यातून टाळांची जोडी काढली आणि मफलरमध्ये गुंडाळून कोटाच्या खिशात घातली.

संध्याकाळी गर्दी आणखी वाढली होती. सरला भिंतीला टेकून खुर्चीत बसली होती, चेहरा पांढराफटक. शेजारी बसलेल्या गुरुदत्तांना पद्मिनीने गाठलं.

"काका, तुम्ही डॉक्टर आहात. सांगा ना तिला."

"कसं आहे बेटा," ते नजर चुकवत म्हणाले, "मी पडलो डोळ्यांचा. आणि श्रद्धेचा भाग असला की आपण कशाला बोलायचं?"

महाराजांनी सरलाला सर्वांत आधी बोलावलं. अंगठा पुन्हा घसरला. महाराजांनी दंड काढून घेऊन मांडीवर ठेवला. "विष फार खोल आहे, माताजी. औषधाची बाटली आणलीय? सर्वांसमक्ष फेका. आत्ता!"

सरलाने पर्समधून बाटली काढली. पद्मिनी उठली, टाळ बाहेर काढले आणि तिने मोठ्याने गणपतीची आरती धरली.

आरती एकदा सुरू झाली की मराठी माणसाला गप्प बसवत नाही. सवयीने सगळे उभे राहिले, टाळ्या पडल्या, आणि टाळांच्या ठोक्याबरोबर देव्हाऱ्यातली ज्योत पेटली. विझली. पेटली. विझली.

"बंद करो!" महाराज ओरडले. "हा अपमान आहे!"

"दंड तुमच्या मांडीवर आहे, महाराज. मग हे कुणाच्या पुण्याने चाललंय?"

मागून एक गृहस्थ भारावून म्हणाले, "टाळसुद्धा सिद्ध झाले! काय अधिकार बघा!"

"किल्ल्यापण सिद्ध झाल्या असतील, काका," पद्मिनी म्हणाली. तिने जिन्याजवळची परात उचलली आणि पोहे पाखडावेत तशी खळाखळा हलवली. ज्योत वेड्यासारखी लुकलुकायला लागली.

संजीवकाका हळूच म्हणाले, "रेखा, आपला पहिला टीव्ही आठवतो? सिसेरोच्या अपार्टमेंटमधला, सेकंडहँड घेतलेला?"

"मी किल्ल्या टेबलावर टाकल्या की चॅनल बदलायचा तो? तुम्ही मला सांगायचात, यात भूत आहे म्हणून!"

"त्याला क्लिकर होता, दाबला की टक् करणारा रिमोट. त्यात बॅटरी नव्हती," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "कधीच नव्हती."

"आमच्याकडेही होता," कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक जण, मग चौघे. देशातून आल्यावर निम्म्यांनी तसलाच जुना टीव्ही घेतला होता. मोठी घरं झाली, नवे टीव्ही आले, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वी रोज हाताळलेली वस्तू चंदनात घालून समोर धरली तेव्हा ती कुणाला ओळखता आली नाही.

काकांनी स्क्रूड्रायव्हर आणला. देव्हाऱ्याच्या मागच्या फळीआड जुन्या टीव्हीतलं सर्किट निघालं, लेबल खरवडलेलं. पुढच्या नक्षीत, एका कमळाच्या आड, बारीक जाळीचा मायक्रोफोन.

पद्मिनीने दंड उघडून सगळ्यांना दाखवला. "कळ पूर्ण दाबली की खटका सुटतो आणि कांडीवर ठोका बसतो. कांडी वाजते, पण इतक्या वरच्या पट्टीत की आपल्याला ऐकू येत नाही. या मायक्रोफोनला येतं. टाळांत आणि किल्ल्यांतही ती पट्टी असते, टाळ्यांत नसते. एवढंच आहे हे."

"यंत्र तर निमित्त आहे!" महाराज शाल सावरत म्हणाले. "कॉस्मिक करंट यंत्राचाच आधार घेतो—"

"आणि माझ्या आईच्या गोळ्या? त्या कशाचा आधार घेतात?"

महाराजांनी पाकिटांकडे हात नेला, तेव्हा रेखाकाकूंनीच ती आधी उचलली. पाच मिनिटांत महाराजांची व्हॅन बर्फात चाकं फिरवत निघून गेली. देव्हारा मागेच राहिला.

"बॅटरी दिसली नाही, म्हणून तुम्ही हात जोडलेत," पद्मिनी मंडळींना म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुम्ही सगळे शिकलेले आहात. ऑफिसात एखादं मशीन असं चाललं असतं तर कारण सापडेपर्यंत तुम्ही जेवला नसता. एखादी गोष्ट आपल्याला कळली नाही, तर कळली नाही एवढंच म्हणा. आणि शोधा. तोवर कुणालाही औषध सोडायला लावू नका. आणि कुणी लावत असेल तर डोळ्यांचा डॉक्टर असला तरी त्याने बोलायला हवं."

गुरुदत्त गालिच्याकडे पाहत राहिले.

सरला मात्र अजून बाटली मुठीत धरून बसली होती. "ते सगळं खरं गं," ती म्हणाली. "यंत्र होतं, मान्य. पण मग यंत्रसुद्धा माझ्याच हातून का चाललं नाही?"

पद्मिनी वर जाऊन स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आली. दंड काट्यावर ठेवून तिने कळीवर अंगठा टेकला आणि सावकाश जोर वाढवत नेला. काटा चार पौंडांवर आला तेव्हा 'टक्' झालं. तिने पुन्हा दाबून पाहिलं, मग संजीवकाकांना दाबायला लावलं. दर वेळी चार.

मग तिने दंड बाजूला ठेवला आणि काटा आईच्या मांडीवर ठेवला. "आता तू दाब. जितकं जमेल तितकं. दुखलं की थांब."

सरलाने ओठ आवळून दाबलं. काटा एक पौंड सहा औंसांवर थांबला. तिने तो वाकून, चष्मा सारून पाहिला. पुन्हा दाबलं. एक पौंड पाच औंस.

"रेखा," ती म्हणाली, "पाणी दे गं जरा." रेखाकाकूंनी धावत पाणी आणलं. सरलाने बाटलीचं झाकण लेकीकडून उघडून घेतलं आणि गोळी गिळली.

पद्मिनीने काल नापास झालेल्या बाकीच्या चौघांना काट्यापाशी बोलावलं. गुरुदत्तांनी आपल्या आईला हात धरून आणलं. दोघे म्हातारे गृहस्थ आले. पाच वर्षांच्या मुलीने दोन्ही पाय फाकवून, जीभ बाहेर काढून दाबलं.

कळीला लागणारा जोर चार पौंड. नापास झालेल्या पाच जणांपैकी सर्वांत जास्त जोर एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या अंगठ्याचा: दोन पौंड अकरा औंस.