तळाचे मासे

जाळ्यातून निघालेला मासा सुनेत्रा हातात घेई, पोटावरून अंगठा हलकेच पुढे फिरवी आणि माशाच्या तोंडातून हवा बाहेर पडे. फार खोलातून वर आले की या माशांची पोटं फुगतात. हवा काढली नाही तर त्यांना परत खाली जाता येत नाही. वीतभर लांब, फिकट अंगाचे, मोठ्या डोळ्यांचे हे झायब्लिंग. होडीवाला म्हातारा अलोइस ते पाण्यात सोडत होता. तपासणीपुरते थोडे बर्फाच्या पेटीत जात होते.

धक्क्यावर तिच्या सासूबाई, लतिकाबाई, शाल गुंडाळून उभ्या होत्या. रत्नागिरीहून येऊन त्यांना आठवडा झाला होता, पण तळ्याकडे त्यांनी पाहिलं नव्हतं. खोलीचा पडदा ओढूनच ठेवत. आज मात्र आपण होऊन आल्या होत्या.

सुनेत्राचा नवरा निहार याच तळ्यात गेला होता. इंगोलश्टाट या जर्मन शहरातल्या कारखान्यात तो इंजिनिअर. एका सुट्टीत एकटाच होडी घेऊन गेला, वादळ आलं आणि होडी तेवढी काठाला लागली. पाणबुड्यांनी पुष्कळ शोधलं. शेवटी पोलिसांनी सांगितलं की, डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या अशा खोल, थंड तळ्यांत बुडालेला माणूस कधीकधी वर येतच नाही.

सुनेत्राने हे लतिकाबाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या तळ्यात मासे आहेत का गं?"

सुनेत्राने माहीत नाही म्हणून सांगितलं. तो प्रश्न पुन्हा निघाला नाही. पण त्या दिवसापासून लतिकाबाईंच्या घरात मासळी शिजली नाही. समुद्राकाठी जन्म काढलेली बाई मासळीबाजाराच्या रस्त्यानेही जाईनाशी झाली.

सुनेत्रा मुलीला घेऊन भारतात परतेल असं सगळ्यांना वाटलं. ती तळ्याकाठच्या गावात राहायला आली. प्राणिशास्त्र शिकलेली होती, मत्स्यकेंद्रात मदतनिसाची जागा मिळाली. माशांची पोटं उघडून त्यांनी काय खाल्लंय ते पाहायचं काम तिथे कुणालाच नको असे. तिने ते मागून घेतलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. सुरी लावताना तिचा हात क्षणभर थांबे. अजूनही थांबतो.

जाळं आवरल्यावर ती सासूबाईंना केंद्रात घेऊन गेली. त्या स्टुलावर अवघडून बसल्या. हातमोजे चढवता चढवता सुनेत्रा काहीबाही सांगत राहिली. हिमयुग ओसरलं, बर्फ वितळला आणि त्या गार पाण्यातले हे मासे इथेच मागे राहिले. तळाशी उजेड पोचत नाही. उन्हाळा काय नि हिवाळा काय, तिथे सगळं सारखंच. लतिकाबाईंचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं. त्या पेटीकडे बघत होत्या.

"खातात काय हे?"

सुनेत्राने एक मासा चिरला, जठरात होतं ते काचेच्या बशीत काढलं आणि बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली. लतिकाबाईंनी चष्मा काढून डोळा लावला.

"हे अळीसारखं काय गं?"

"चिलटांच्या अळ्या. आणि ते चमकतंय ना, ते शिंपले. राईएवढे असतात."

"एवढंच?"

"एवढंच, आई. तोंड केवढंसं त्यांचं. गाळात बारीकसारीक मिळेल ते खातात."

"नेहमी?"

"मी उघडलेल्या प्रत्येक माशात हेच निघालंय. दुसरं काही नाही. कधीच नाही."

लतिकाबाईंनी डोळा हलवला नाही. बशीत पाहतच त्या म्हणाल्या, "म्हणून ही नोकरी धरलीस होय."

सुनेत्रा सुरी धुऊ लागली, धुतलेली पुन्हा धुतली. मागून सासूबाईंचा हात तिच्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला.

घरी निघताना धक्क्यापाशी लतिकाबाई थबकल्या. सुनेत्राचा आधार घेत शेवटच्या पायरीपर्यंत उतरल्या, तिथेच बसल्या. स्वेटरची बाही वर सारली आणि हात मनगटापर्यंत पाण्यात घातला.

दूर अलोइसची होडी निघाली होती. त्याने यांच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"आई, हात बधिर होईल," सुनेत्रा म्हणाली.

"फार गार आहे गं," लतिकाबाई म्हणाल्या. बोटं लाल झाली, तरी त्यांनी हात काढला नाही.