दिवेवाल्याची उडी

भावोजींनी रुमालाचं टोक ओलं करून कीबोर्डवरचं लांबडं बटण पुन्हा एकदा पुसलं, आणि शेजारच्या टेबलाकडे अजिबात बघायचं नाही असं ठरवून लगेच बघितलं. तिथे बापूचं मशीन होतं आणि त्याच्याभोवती कोंडाळं जमलं होतं. भावोजींच्या टेबलासमोरची खुर्ची मात्र रिकामी होती.

वाचनालयाच्या हॉलमध्ये आज जुना 'दिवेवाला' मांडला होता. हातात कंदील घेतलेला एक माणूस या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत जातो आणि वाटेतले दिवे लावतो, एवढाच तो गेम. मूळचा तो कपाटाएवढ्या, नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा. पुढे घरोघरच्या लहानमोठ्या मशीनवर तो उतरवला गेला, आणि त्यातले पाच अवतार आज ओळीने लावले होते. एकात दिवेवाल्याचं तोंड निळं, एकात संगीतच नाही. लोकांनी सगळे खेळून बघायचे आणि एकाला मत द्यायचं. जो जिंकेल तो वाचनालयाच्या काचेच्या कपाटात कायमचा बसणार होता, खाली तो गेम करणाऱ्याच्या नावाची पाटी लावून. ही कल्पना एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची. त्यांना जुनी मशीनं जमवायचा नाद होता.

ती पाटी भावोजींना हवी होती. नको नको म्हणत हवी होती. कारण या मंडळींत त्यांना स्वतःचं असं नावच नव्हतं. बापू त्यांचा मेहुणा, तो त्यांना भावोजी म्हणायचा, म्हणून सगळं जगच त्यांना भावोजी म्हणायचं. डॉक्टरीणबाईंनीही सकाळी ओळख करून दिली ती "हे बापूंचे भावोजी" अशीच.

खरं तर हे गेम उतरवून देणाऱ्या आपल्या कंपनीत बापूला चिकटवलं कोणी? भावोजींनीच. ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, "माझा भाऊ घरी बसलाय हो" म्हणून मागे लागून त्यांना मालकापुढे उभं केलं होतं. आणि 'दिवेवाला'चं काम आलं तेव्हा मालकाने नवंकोरं, रंगीबेरंगी मशीन दिलं बापूला, आणि भावोजींच्या गळ्यात ते स्वस्तातलं मारलं. त्याची मेमरी इतकी तुटपुंजी की दिवेवाल्याला टोपी घातली तर कंदील काढून घ्यावा लागे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बापूच्या गेमवर मासिकांनी पानं भरली. भावोजींच्या गेमबद्दल एकाने लिहिलं, "या दिवेवाल्याला आधी घोंगडं पांघरून झोपवा." ते वाक्य त्यांना अजून पाठ होतं.

"भावोजी, सुरू झालं का तुमचं?" बापूने तिकडून विचारलं.

"बंद कधी पडलं होतं?"

"सरळ बोलायला काय होतं हो तुम्हाला?" ताई म्हणाली आणि भावाच्याच मशीनपुढे जाऊन बसली. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

तेवढ्यात एक शिक्षिका भावोजींच्या खुर्चीत येऊन बसल्या. पहिल्याच दोन छपरांमधल्या फटीत त्यांचा दिवेवाला पडला. पुन्हा पडला.

"हा ऐकतच नाही माझं."

"जरा आधी दाबायचं, बाई. कडेला पोचायच्या आधी. दाबायचं आणि थांबायचं. तो गुडघे वाकवतो बघा, मग उडतो."

"आधी म्हणजे किती आधी?"

ते सांगता येण्यासारखं नव्हतं. मशीन सुस्त होतं. बटण दाबल्यावर उडी काढायला त्याला वेळ लागायचा, आणि तो वेळ लपवण्यासाठी भावोजींनी दिवेवाल्याला गुडघे वाकवायला लावलं होतं. या एका युक्तीपायी त्यांनी आठवडेच्या आठवडे घालवले होते. शिक्षिका आणखी एकदा पडल्या, हसल्या आणि बापूकडे गेल्या. तिथे बटण दाबलं की उडी. भावोजींचा नुसता जळफळाट झाला. वीज जावी, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण वीज गेली तर सगळ्यांचीच जाणार, मग त्यात काय मजा?

मतं टाकायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं.

"आता करणाऱ्यांनी आपापला गेम खेळून दाखवायचा!"

भावोजी आधी बसले. दोन फटी पार करून तिसऱ्या फटीत पडले. टाळ्या पडल्या, पण त्या वयाला मान म्हणून पडतात तशा.

मग बापू बसला. दिवेवाला झोकात निघाला, आणि छपराच्या मध्यावरूनच उडी मारून थेट फटीत गेला.

लोक हसले. भावोजींच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बापूने पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसाच पडला. स्वतःच्या गेममध्ये, पहिल्या फटीत! आता ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिसऱ्यांदा मात्र भावोजींची नजर पडद्यावर नव्हती, बापूच्या अंगठ्यावर होती. कड यायच्या बऱ्याच आधी अंगठ्याने बटण दाबलं, आणि मग तो उचलून बापू थांबला. श्वास धरून थांबला.

त्याच्या मशीनवर थांबायची गरजच नव्हती. पाचही मशीनांमध्ये तशी गरज फक्त एकाच मशीनवर पडायची. आणि अंगठ्याला अशी सवय एका दिवसात लागत नाही.

"वय झालं, दुसरं काय," असं म्हणत बापू उठला. सगळे पुन्हा हसले. भावोजी हसले नाहीत. बापूने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली.

मतं बापूलाच पडली. पडणारच होती. भावोजींनी चार टाळ्या वाजवल्या आणि पाणी प्यायला व्हरांड्यात गेले. मागोमाग बापू आला. नावाचं कार्ड लिहून द्यायला सांगितलं होतं, ते कोरंच त्याच्या हातात होतं.

"कधीपासून आहे घरी?" भावोजींनी विचारलं.

"काय?"

"माझं मशीन."

बापूने कार्ड उलटंपालटं केलं. "ताईला सांगू नका. चिडवून जीव घेईल माझा."

"दोष काढायला आणलंस?"

"आणलं होतं त्याचसाठी." तो ओशाळून हसला. "सापडलेही. पुष्कळ सापडले."

"मग?"

"मग एकदा शेवटपर्यंत गेलो."

भावोजींनी ग्लास खाली ठेवला. त्यांच्या गेमचा शेवट कोणी बघितला असेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. मूळ गेममध्ये शेवटी अख्खं शहर उजळतं, आतषबाजी होते, वाजंत्री वाजते. बापूने ते सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. भावोजींच्या गेममध्ये यातलं काहीच नव्हतं. तिथे दिवेवाला शेवटच्या छपरावरून खाली उतरतो, एका दारातून आत जातो, वरच्या खिडकीत दिवा लागतो, आणि थोड्या वेळाने विझतो.

"माझ्याकडे जागा मुबलक होती, भावोजी," बापू म्हणाला. "मी शहर उजळलं, बार उडवले. पण हा माणूस दिवसाचं काम संपल्यावर घरी जात असेल, दमला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढी माझी वाहवा झाली, पण ती खिडकी बघितली की अजून पोटात दुखतं. खरं सांगतो. कसं सुचलं तुम्हाला ते?"

सुचलं नव्हतंच. शेवटाशी आले तेव्हा मेमरी संपली होती. राहिलेल्या जागेत एक दार आणि एक खिडकी मावत होती, म्हणून एक दार आणि एक खिडकी. दिवा विझायचा तो सुद्धा, पडदा रिकामा केल्याशिवाय गेम पुन्हा सुरू होत नव्हता म्हणून. त्या दिवशी घरी जाऊन भावोजींनी नशिबाला शिव्या घातल्या होत्या आणि ताईवरही उगाच ओरडले होते.

"जागा नव्हती रे" हे शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्याने बापूची पोटदुखी कायमची बरी झाली असती. आतून डॉक्टरीणबाई हाका मारत होत्या, पाटीसाठी नाव हवं होतं. बापू मात्र जागचा हलला नाही. उत्तर ऐकल्याशिवाय तो हलणार नव्हता.

भावोजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुचावं लागतं, बापू," ते म्हणाले.